तोलाचा दगड

एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात एक मध काढणारा राहत होता. त्याला नाव होतं, पण गोष्ट सांगणाऱ्यांनी ते वाटेत कुठेतरी हरवलं. ज्या गोष्टीत माणसाची चूक सांगायची असते, तिथे नाव हरवलेलंच बरं असतं.

गावाच्या मागे एक सरळसोट कडा होता. त्या कड्याच्या पोटाला दरवर्षी आग्या माश्यांची पोळी लागत. दुरून पाहिलं तर कुणीतरी काळी घोंगडी वाळत घातली आहेत असं वाटायचं. फाल्गुनात रान फुललं की चैत्रात ती पोळी मधाने जड होत. हा मध म्हणजे गावाचं वर्षभराचं औषध. पोराला खोकला झाला, कुणाला कोयता लागला, बाळंतिणीला अशक्तपणा आला, की पहिल्यांदा मधाचं मडकं उघडायचं. वैद्य दोन दिवसांच्या वाटेवर होता आणि तोही मधच द्यायचा.

आता हा मध काढायचा कसा? वरून दोर सोडून. कड्याचा माथा म्हणजे नुसता कातळ. तिथे ना झाड होतं, ना खुंटी ठोकायला माती. म्हणून दोर माणसानेच धरायचा, आणि तो माणूस म्हणजे उतरणाऱ्याचा मेव्हणा. सख्खा भाऊ नाही. वाटणीवरून भावाभावांच्या मनात काय असेल हे कुणी सांगावं? पण बायकोचा भाऊ काही झालं तरी आपल्या बहिणीचं कुंकू हातातून सोडणार नाही, असं जुन्या लोकांचं म्हणणं. कातळात टाचा रोवायला दोन खोबण्या होत्या, पिढ्यान्‌पिढ्यांच्या मेव्हण्यांनी घासून गुळगुळीत केलेल्या. मेव्हण्याने त्यात टाचा रोवून बसायचं आणि दोराचं टोक स्वतःच्या कमरेला बांधायचं. म्हणजे खालचा गेला तर वरचाही गेला. त्या बाबतीत गावाने कुणाला काही सूट ठेवली नव्हती.

दोराची तपासणीही तशीच कडक होती. आपला मध काढणारा पहिल्यांदा कड्यावर उतरला तेव्हा विशीचा होता. त्या वर्षी गावाने आंब्याच्या फांदीला एक आडवं लाकूड टांगलं, एका टोकाला त्याला बसवलं आणि दुसऱ्या टोकाला दगड बांधून पाहिले. ज्या काळ्या दगडाने लाकूड बरोबर आडवं राहिलं, त्याला शेंदूर लावून ठेवला. तो तोलाचा दगड. दर पाडव्याला चौघे जण तो बांबूला बांधून माथ्यावर नेत. दिवसभर तो दोराला लटकवून ठेवायचा, आणि संध्याकाळच्या आत मेव्हण्याने एकट्याने तो सात हात वर ओढून दाखवायचा. दोर टिकला आणि दगड वर आला, की पाचव्या दिवशी पंचमीला माणूस उतरायचा.

आणखी एक रीत होती. शिमग्यापासून पाडव्यापर्यंत पंधरा दिवस उतरणाऱ्याने अंग जागं करायचं. उन्हं डोंगरावर यायच्या आत दोन घागरी पाणी घेऊन माथा गाठायचा. तिथे कातळात एक कुंडी खोदलेली होती, तिच्यात दोर भिजत असे. ती भरायची. खाणं हलकं ठेवायचं, म्हणजे नाचणीची भाकरी, हुलग्याचं कढण आणि कडुनिंबाची कोवळी पानं. तूपगूळ बंद, दुपारची झोप बंद. म्हातारी माणसं सांगत की ऊन वाढलं की थंडीभर अंगात साचलेलं सगळं सुटायला लागतं, आणि तेव्हा माणूस हलला नाही तर ते छातीत आणि सांध्यांत जाऊन बसतं. हे खरं की खोटं कुणी तपासलं नव्हतं. पण आजवर उतरलेला प्रत्येक जण वर आला होता, एवढं गावाला ठाऊक होतं.

आपला मध काढणारा नऊ वर्षं उतरला. पहिली चार वर्षं त्याने पंधरा दिवस नेमाने पाळले. मग त्याचं नाव झालं. शेजारच्या गावांतून लोक त्याला जेवायला बोलावू लागले. तोही जाई, पाटावर बसे, आणि माश्या कशा अंगावर आल्या नि आपण कसा धूर केला हे रंगवून सांगे. ऐकणारी माणसं वाढत, वाढणारी माणसं आग्रह करत. कड्यावरचं काम वर्षातून एका दिवसाचं, आणि बाकीचे दिवस त्याच्या गप्पा. पाचव्या वर्षी पंधराचे दहा दिवस झाले. आठव्या वर्षी तीनच उरले. तरी तो उतरला आणि वर आला, त्यामुळे आपलं अंग जन्माचंच जागं आहे असं त्याला वाटू लागलं.

त्या दहाव्या वर्षीची थंडी मोठी होती. तो शेकोटीपाशी बसून राहिला. डिंकाचे लाडू खाल्ले, तिळाची पोळी खाल्ली, हुरड्याला तर चार गावं फिरला, तीही बैलगाडीत बसून. बायकोने दोनदा त्याच्या बंडीची शिवण उसवून तिरकी पट्टी जोडली. तिसऱ्यांदा तिने बंडी त्याच्यासमोर धरली. तो म्हणाला, कापड आटलं असेल. तिने पट्टी जोडून दिली.

शिमगा झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याने घागरी उचलल्या. पहिलं वळण चढला. दुसऱ्या वळणावर छाती धडधडायला लागली आणि डोळ्यांपुढे काळोखी आली. तो करवंदीच्या जाळीशी खाली बसला. बराच वेळ बसला. इकडेतिकडे पाहिलं, कुणी नव्हतं. मग त्याने दोन्ही घागरी जाळीच्या मुळाशी ओतल्या आणि लंगडत खाली आला. लंगडण्याचं कारण म्हणजे घरी सांगायला काहीतरी हवं होतं.

पाय मुरगळला, असं त्याने बायकोला सांगितलं. तिने तेल चोळून दिलं आणि घागरी स्वतः उचलल्या, कारण दोर कोरडा राहिला तर वाळून तुटेल. दोन दिवसांत पाय बरा होईल, मग मी जातो, असं तो म्हणाला होता. दोनाचे पंधरा झाले. रोज पहाटे ती माथा गाठायची, उतरताना तिचा भाऊ दगडधोंडे ओढून हात बळकट करताना दिसायचा, दोघं गप्पा मारत खाली यायची. आणि हा आंब्याखाली बाजेवर आडवा. वर मोहोर गळत होता, कोकीळ ओरडत होता आणि दुपारची झोप संध्याकाळपर्यंत लांबत होती.

त्याला माहीत होतं. हे सांगून टाकलेलं बरं, कारण ऐकणाऱ्याला वाटतं की बिचाऱ्याच्या लक्षात आलं नसेल. करवंदीच्या जाळीशी बसला तेव्हाच त्याच्या लक्षात आलं होतं. फक्त ते त्याने कुणाला सांगितलं नाही, आणि आठ दिवसांनी स्वतःलाही सांगेनासा झाला.

मेव्हण्यालाही दिसत होतं. त्याला तर सगळ्यांत जास्त दिसत होतं, कारण वजन त्याच्या हातात येणार होतं. पण बहिणीच्या नवऱ्याला कसं म्हणायचं, की दाजी, तुम्ही सुटलात? मानाचा माणूस. लग्नात त्याचे पाय धुतलेले. मेव्हणा ओढायचे दगड तेवढे रोज थोडे मोठे घेऊ लागला.

पाडवा आला. गुढ्या उभ्या राहिल्या, कडुनिंब वाटला गेला. आंब्याखाली तोलाचा दगड बांबूला बांधायची तयारी चालली होती. तेवढ्यात दोर वळणारा म्हातारा पुढे आला. गावाचे दोर पन्नास वर्षं त्यानेच वळले होते. त्याने फांदीला ते जुनं आडवं लाकूड टांगून ठेवलं होतं.

तो मध काढणाऱ्याला म्हणाला, "दगड दहा वर्षं तोच आहे. तू तोच आहेस का, एवढं बघू. घडीभर बस."

सगळ्यांनी माना वळवल्या. त्या एका क्षणात त्याला बसता आलं असतं. फार तर लोक हसले असते, आणि त्या वर्षीचा मध पंधरा दिवस उशिरा निघाला असता. पण नऊ वर्षं ज्याचं कौतुक ऐकलं त्याला चार माणसांचं हसू फार जड वाटतं.

"मी काय गुळाची ढेप आहे तोलायला?" तो म्हणाला. "दोर तपासा. माझं मी बघतो."

लोक हसले, पण त्याच्या बाजूने हसले. त्याला बरं वाटलं. म्हाताऱ्याने पुन्हा विचारलं नाही. चौघांनी दगड माथ्यावर नेला, दोराने तो दिवसभर पेलला, आणि मेव्हण्याने तो सातच काय, नऊ हात वर ओढला. सगळं गाव निश्चिंत झालं. दोर पास, मेव्हणा पास. ज्याच्या जागी तो दगड लटकला होता, तो माणूस तेवढा तपासायचा राहिला.

पंचमीला ते निघाले. पुढे मेव्हणा, मागे म्हातारा आणि मधे तो. दर वळणावर त्याला थांबून काहीतरी दाखवायचं असे. कधी पळस, कधी घार, कधी पलीकडच्या गावाचं देऊळ. पाच वळणांना पाच गोष्टी दाखवून झाल्या. माथ्यावर पोचला तेव्हा तो बोलेनासाच झाला होता, आणि म्हाताऱ्याला धाप लागली नव्हती.

खाली पायथ्याशी गाव जमलं होतं. चार गडी ओला पाला जाळून धूर करत होते. बायका मडकी घेऊन उभ्या होत्या आणि त्याची बायको सगळ्यांच्या पुढे होती. नवरा दोराच्या खालच्या टोकाला आणि भाऊ वरच्या टोकाला. नऊ वर्षं ती हा एक दिवस तसाच मान वर करून उभी राहत आली होती.

तो उतरला. मेव्हण्याला पहिल्याच हातभर दोरात कळलं. त्याचे दात एकमेकांवर आवळले गेले. त्याने टाचा खोबण्यांत आणखी घट्ट रोवल्या. खाली जायला काही त्रास झाला नाही. पोळ्याशी पोचून त्याने धूर केला, माश्या उठल्या, त्याने कापायला सुरुवात केली. हात अजून सरावाचे होते. दोन बुधले भरून त्याने बारीक दोरीने खाली सोडले. तिसरा भरून कमरेला बांधला आणि दोराला दोन हिसके दिले. म्हणजे आता वर येतो.

वर येताना मेव्हणा फक्त ढिला झालेला दोर ओढून घेतो. चढायचं उतरणाऱ्यानेच, कड्याला पाय लावून, हातांच्या जोरावर. तो दहा हात चढला. मग थांबला. दोन हात आणखी चढला. मग छाती तशीच धडधडली जशी त्या पहाटे धडधडली होती, डोळ्यांपुढे तीच काळोखी आली, आणि पाय कड्यावरून सुटले. सगळं वजन दोरावर आलं.

वर मेव्हणा खोबण्यांतून बोटभर पुढे घसरला. त्याने ओढून पाहिलं. दगड आला असता. हे येईना. दोर तळव्यांतून सरकू लागला तशी त्याने तो मनगटाला वेटाळला. म्हाताऱ्याने मागून त्याची कंबर धरली. त्याच्या अंगात तेवढंच करण्याइतकी ताकद होती.

"दाजी, पाय लावा," वरून हाक आली. "दाजी, नुसते पाय लावा."

त्याने पाय लावले. पाय टिकेनात. मग त्याला सुचलं की ओझं कमी करावं. त्याने कमरेचा बुधला सोडला. कोयता टाकला. अंगावरची घोंगडी टाकली, आणि माश्या बंडीवरूनच पाठीला डसू लागल्या. डोक्याचं मुंडासंही टाकलं. टाकण्यासारखं होतं ते सगळं टाकून झालं, पण थंडीभर खाल्लेलं काही गाठ सोडून टाकता येईना. तेव्हा त्याने वर पाहिलं. दोर वरून खाली ओला होत येत होता, लाल. ते रक्त त्याच्या मुठीपर्यंत आलं. आपण मरणार याची भीती त्याला तोवर वाटत होतीच. आता कळलं की आपण एकटे मरणार नाही, आणि ती भीती पहिलीपेक्षा मोठी होती.

खाली त्याच्या बायकोने मुंडासं पडताना पाहिलं. तिने हातातलं मडकं ठेवलं नाही, टाकलं, आणि मागच्या पायवाटेला लागली. तिच्यामागे धूर करणारे ते चार गडीही धावले. गडी धट्टेकट्टे होते, पण दगड नेणारे चौघे वेगळे, आणि हे शिमग्यापासून एकदाही डोंगर चढले नव्हते. पहिल्या वळणावर दोघे बसले, दुसऱ्यावर उरलेले दोघे. ती मात्र पंधरा दिवस रोज दोन भरल्या घागरी घेऊन ती वाट चढली होती. आज तर हात रिकामे होते. कुठला दगड हलतो आणि कुठे पाय टाकायचा हे तिच्या पायांना माहीत होतं. ज्या वाटेला एरवी घटकाभर लागते ती तिने निम्म्या वेळात काढली.

माथ्यावर बाईने दोर धरल्याचं त्या गावात कुणी ऐकलं नव्हतं. ती भावाच्या मागे बसली, त्याच्या हातांच्या मागे दोर धरला आणि म्हणाली, "आता ओढ."

दोघांनी ओढलं. दोर हातभर आला, थांबला, पुन्हा हातभर आला. खाली त्याला जाणवलं की कुणीतरी नवं आलंय. त्याने उरलंसुरलं बळ पायांत आणलं आणि कड्याला टेकवलं. शेवटी त्याचे हात कातळाच्या काठावर दिसले, आणि म्हाताऱ्याने बंडी धरून त्याला आत घेतलं. ती तिरक्या पट्टीची शिवण टरकन फाटली.

खाली सोडलेल्या दोन बुधल्यांतला मध त्या वर्षी जवळजवळ सगळा मेव्हण्याच्या तळव्यांना लागला. कातडी भरून आली. पण उजव्या हाताची तीन बोटं पुन्हा मिटली नाहीत. भाकरी मोडता येते, तेवढं पुरे, असं मेव्हणा म्हणायचा. मध काढणारा त्याच्यासमोर बसून रडला, आणि दाजींना रडवलं याचीच त्या भल्या माणसाला जास्त लाज वाटली.

आठ दिवसांनी पाठीची सूज उतरली तशी त्याने पहाटे घागरी उचलल्या. कुंडीत दोर नव्हता आणि पाण्याची कुणाला गरज नव्हती. तरी तो निघाला. दुसऱ्या वळणावर बसला, पण पाणी ओतलं नाही. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या वळणावर बसला. गावात चेष्टा झाली, की मध संपल्यावर यांना शिमगा आठवला. तो ऐकून घेई. पावसाळ्यात घागरींऐवजी डोक्यावर इरलं असे, थंडीत कानाला पटका असे, पण चढणं चुकलं नाही. जेवणाची आमंत्रणं आली तर तो चालत जाऊ लागला, आणि चालत जायचं म्हटल्यावर लांबची आमंत्रणं आपोआप कमी झाली.

पुन्हा पाडवा आला. लाकूड टांगा, असं त्याने स्वतःच म्हाताऱ्याला सांगितलं. एका टोकाला दगड बांधला, दुसऱ्या टोकाला तो बसला. दगड दोन बोटं खाली गेला आणि त्याचे पाय जमिनीवरून उचलले गेले. लोकांना आनंद झाला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यालाही वाटलं की सगळं भरून निघालं.

तेव्हा मेव्हणा पुढे आला आणि त्याने आपला उजवा हात उघडा धरला. मूठ मिटायचा प्रयत्न केला. दोन बोटं मिटली, तीन तशीच राहिली. टाळ्या थांबल्या. बारा महिने चढून त्याने आपलं अंग परत मिळवलं होतं. ती तीन बोटं त्याला कितीही चढून मिळणार नव्हती.

"मग यंदा मध नाही," मध काढणारा म्हणाला आणि लाकडावरून उतरला. "दुसऱ्या कुणाला मी दोर धरायला सांगणार नाही. तेवढं तोंड मला राहिलं नाही."

त्याच्या बायकोने कुणाला विचारलं नाही. दगड माथ्यावर न्या, एवढंच तिने बांबू धरणाऱ्या चौघांना सांगितलं. गाव मागोमाग चढलं, बसत-उठत चढलं. तिने खोबण्यांत टाचा ठेवल्या. खोबण्या तिला मोठ्या होत्या, म्हणून पदराची चिंधी फाडून कडेला कोंबली. टोक कमरेला बांधलं आणि दगड ओढायला लागली. सहाव्या हाताला तिच्या मानेच्या शिरा फुगल्या. सातव्याला दगड वर होता.

कुणीतरी हळूच रीतीची आठवण काढली. म्हातारा म्हणाला, "मेव्हणा का, तर तो सोडणार नाही म्हणून. हिच्याबद्दल कुणाला शंका आहे?"

कुणाला नव्हती. पंचमीला तो उतरला. मेव्हणा बहिणीशेजारी काठावर बसून होता, खाली बघून वेळेवर सांगत होता, की दाजी, डावा पाय लावा, आता उजवा. काठावरून खाली जाताना मध काढणाऱ्याने एकदाच मागे पाहिलं. बायकोच्या कमरेची गाठ दिसली आणि मेव्हण्याच्या मांडीवर ठेवलेला तो अर्धा उघडा हात दिसला. त्या वर्षी तो थांबला नाही, तीन बुधले काढून स्वतःच्या पायांनी वर आला.

तेव्हापासून त्या गावात पाडव्याला आधी माणूस तोलतात, मग दोर. जावई असला तरी.

तात्पर्य सांगायचं तर एवढंच: ऋतू पालटला की आपलं अंग हलवून, तपासून घ्यावं, कारण आपल्या आळसाचं वजन बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाच्या हातावर पडतं.